आतड्याचे रक्तसिंचन आणि त्याची प्रतिमा

आतड्याचा रोगग्रस्त भाग काढून उरलेली दोन टोके जोडली जातात, तेव्हा प्रत्येक वेळी एकच प्रश्न उपस्थित होतो: जोडली जाणारी टोके जगतील काय? या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रिया चालू असतानाच प्रतिमेच्या साहाय्याने देण्याच्या काही पद्धती आज उपलब्ध आहेत. त्यांची क्षमता आणि मर्यादा निश्चित करणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. त्याआधी चार संज्ञांची व्याख्या आवश्यक आहे, कारण व्यवहारात त्या एकमेकींच्या जागी वापरल्या जातात आणि पुष्कळसे वाद तेथूनच उत्पन्न होतात.

पहिली संज्ञा रक्तप्रवाह. एखाद्या वाहिनीतून एका मिनिटात जाणाऱ्या रक्ताचे आकारमान म्हणजे रक्तप्रवाह. दुसरी संज्ञा रक्तसिंचन. ऊतीच्या ठरावीक वजनातील केशवाहिन्यांतून एका मिनिटात जाणारे रक्त म्हणजे रक्तसिंचन. तिसरी प्राणवायुपूर्ती, म्हणजे त्या रक्तातून पेशींना प्रत्यक्ष मिळणारा प्राणवायू. चौथी जीवनक्षमता, म्हणजे जिवंत राहून जखम भरून काढण्याची ऊतीची शक्ती. या चार संज्ञांचा क्रम एकाच दिशेने जातो. प्रवाहाशिवाय सिंचन नाही, सिंचनाशिवाय प्राणवायुपूर्ती नाही आणि तिच्याशिवाय जीवनक्षमता टिकत नाही. प्रवाह आहे म्हणून जीवनक्षमताही आहे, असे अनुमान मात्र करता येत नाही. मोठ्या धमनीत स्पंदन असूनही केशवाहिन्या बंद असू शकतात. केशवाहिन्यांत रक्त असूनही ते साचलेले, प्राणवायुहीन असू शकते. प्राणवायू पुन्हा मिळू लागला तरी आधीच मृत झालेल्या पेशी जिवंत होत नाहीत. प्रतिमेने मोजले जाते ते पहिल्या तिघांपैकी एक; शल्यचिकित्सकाला हवे असते ते चौथे. या विषयातील सारी कठिणता या अंतरात आहे.

आता रचना. लघ्वांत्राचा बहुतेक भाग आणि बृहदांत्राचा उजवा भाग, आडव्या बृहदांत्राच्या सुमारे दोन-तृतीयांशापर्यंत, सुपीरियर मेसेंटेरिक धमनीवर पोसला जातो. त्यापुढचे बृहदांत्र आणि मलाशयाचा वरचा भाग इन्फीरियर मेसेंटेरिक धमनीवर. दोन्ही प्रदेशांना जोडणारी, बृहदांत्राच्या कडेने जाणारी धमनी ड्रमंडच्या नावाने ओळखली जाते. प्लीहेजवळच्या वळणावर ही जोडणी काही व्यक्तींत क्षीण असते. त्या स्थानाला ग्रिफिथ्सचा बिंदू म्हणतात. मलाशयाच्या कर्करोगात इन्फीरियर मेसेंटेरिक धमनी मुळाशी बांधली, की खाली ओढून आणलेल्या बृहदांत्राचे टोक या एका कडेच्या धमनीवर अवलंबून राहते. म्हणून ओटीपोटात खोल, गुदद्वाराच्या जवळ केलेला जोड सर्वांत अधिक धोक्याचा ठरतो.

भिंतीच्या थरांचाही विचार करावा लागतो. आतड्याच्या भिंतीत आतून बाहेर श्लेष्मल स्तर, उपश्लेष्मल स्तर, स्नायुस्तर आणि बाह्य आवरण असे चार थर असतात. रक्ताचा सर्वांत मोठा वाटा श्लेष्मल स्तराला लागतो. त्याच्या बारीक अंकुरांत धमनिका आणि नीलिका इतक्या लगत, विरुद्ध दिशांनी वाहतात, की प्राणवायूचा काही अंश अंकुराच्या टोकाला पोहोचण्याआधीच परतीच्या रक्तात मिसळतो. त्यामुळे सिंचन घटताच प्रथम अंकुरांची टोके मरतात, मग क्रमाने बाहेरचे थर. म्हणजे मृत्यू आतून बाहेर सरकतो आणि शल्यचिकित्सकाची दृष्टी बाहेरून आत. हा विरोध पुढे पुन्हा विचारात घ्यावा लागेल.

परीक्षणाचे प्रसंग दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार नियोजित शस्त्रक्रियेचा. येथे आतडे मूलतः निरोगी असते, शल्यचिकित्सक स्वतः रक्तवाहिन्या बांधतो, आणि प्रश्न एवढाच असतो की छेद कोठे घ्यावा. दुसरा प्रकार आकस्मिक शस्त्रक्रियेचा: अडकलेला हर्निया, आतड्याला बसलेला पीळ, मेसेंटेरिक धमनीतील किंवा नीलेतील गुठळी. येथे आतडे आधीच रक्तन्यून असते आणि किती काढावे, किती राखावे, हा प्रश्न असतो. पहिल्या प्रकारातील चुकीची किंमत म्हणजे जोडाची गळती. दुसऱ्या प्रकारात चूक दोन्ही बाजूंनी घडू शकते: मृत आतडे राहिले तर रुग्ण दगावतो, जिवंत आतडे काढले तर पोषणाचे कायमचे दुर्भिक्ष्य येते. प्रौढात लघ्वांत्र २०० सेंटिमीटरपेक्षा कमी उरले तर ऱ्हस्वांत्र अवस्थेचा संभव निर्माण होतो. प्रतिमेवरील बहुतेक संशोधन पहिल्या प्रकारावर झाले आहे. गरज दुसऱ्या प्रकारात अधिक तीव्र आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रतिमेपूर्वीची साधने डोळा आणि हात ही होती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगांच्या अध्यायात नाभीखाली, रोमराजीच्या डावीकडे पोट उघडून चार अंगुळे आतडे बाहेर घेण्याचा आणि ते निरखून अडथळा दूर करण्याचा विधी आहे. छिद्र असल्यास त्याच्या कडा काळ्या मुंग्यांच्या चाव्याने सांधण्यास सांगितले आहे. तेथील निरीक्षणाचा विषय अडथळा आणि छिद्र हा आहे. रक्तसिंचनाची कसोटी त्यात नाही. आधुनिक शस्त्रक्रियेने ती कसोटी पाच लक्षणांत मांडली: रंग, बाह्य आवरणाची चकाकी, स्पर्शाने उठणारे आकुंचन, मेसेंट्रीतील स्पंदन आणि कापलेल्या कडेतून येणारा लाल रक्तस्राव. शंका असल्यास आतडे कोमट ओल्या मॉपमध्ये गुंडाळायचे, रुग्णाला शंभर टक्के प्राणवायू द्यायचा आणि काही मिनिटे थांबून पुन्हा पाहायचे. ही कृती आजही प्रत्येक शस्त्रक्रियागारात चालते आणि तिला खर्च नाही. तिचा दोष असा, की पाचही लक्षणे गुणात्मक आहेत आणि बहुतेक बाह्य थरांची आहेत. जोड गळेल की नाही याबद्दल शस्त्रक्रिया संपताना शल्यचिकित्सकांनी केलेले भाकीत फारसे विश्वसनीय नसते आणि धोका कमी लेखण्याकडे त्याचा कल असतो, हे २००९ मध्ये नेदरलंड्समधील एका अभ्यासाने दाखवले.

रंगद्रव्याचा उपयोग येथे सुरू होतो. काही द्रव्ये एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून त्याहून दीर्घ तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. असे द्रव्य शिरेत टोचले, की ते रक्ताबरोबर जाते आणि जेथे रक्त पोहोचते तेथेच उजळते. प्रथम फ्लुओरेसिन वापरात आले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बल्कली आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये २८ रुग्णांतील ७१ रक्तन्यून आंत्रखंडांवर चिकित्सकाचा निर्णय, डॉपलर आणि फ्लुओरेसिन या तिघांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांत फ्लुओरेसिनचा आकृतिबंध सर्वांत अचूक ठरला. डॉपलरने चिकित्सकाच्या नजरेहून अधिक काही दिले नाही, कारण डॉपलर मोठ्या वाहिन्यांतील प्रवाह ऐकतो, केशवाहिन्यांतील सिंचन नाही. पहिल्या आणि दुसऱ्या संज्ञेतील भेदाचे हे प्रायोगिक प्रमाण आहे. फ्लुओरेसिनची अडचण वेगळी होती. ते केशवाहिन्यांतून ऊतीत झिरपते आणि तेथे दीर्घकाळ राहते. एकदा टोचले की त्याच शस्त्रक्रियेत पुन्हा परीक्षा घेता येत नाही.

ही अडचण इंडोसायनिन ग्रीनने दूर केली. कोडक कंपनीच्या प्रयोगशाळांत तयार झालेले हे द्रव्य मेयो क्लिनिकमधील अर्विन फॉक्स यांनी हृदयाचे कार्य मोजण्यासाठी प्रथम वापरले; अमेरिकेत त्याला १९५९ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर ते यकृताच्या कार्यमापनासाठी आणि १९७०च्या दशकात डोळ्यातील रक्तपटलाच्या चित्रणासाठी उपयोगात आले. आतड्याकडे ते पुष्कळ नंतर वळले. त्याचे तीन गुणधर्म या कार्याला निर्णायक आहेत. एक, ते रक्तातील प्रथिनांना चिकटते आणि निरोगी वाहिनीतून सहसा बाहेर पडत नाही. दोन, त्याचा रक्तातील अर्धायुष्यकाल तीन ते चार मिनिटांचा आहे. यकृत ते न बदलता पित्तात टाकते, म्हणून काही काळाने परीक्षा पुन्हा घेता येते. तीन, ते सुमारे ८०० नॅनोमीटरला प्रकाश शोषते आणि सुमारे ८३० नॅनोमीटरला बाहेर टाकते. हा प्रकाश डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात येतो, त्यात हिमोग्लोबिन आणि पाणी यांचे शोषण कमी असते, आणि त्यामुळे काही मिलिमीटर खोलीपर्यंतचे चित्र मिळते. हे द्रव्य २५ मिलिग्रॅमच्या कुपीत हिरव्या चूर्णाच्या रूपात येते आणि सलाइनमध्ये नव्हे, तर निर्जंतुक पाण्यात विरघळवावे लागते. त्यात आयोडाइडचा अंश असल्याने आयोडीनची तीव्र ॲलर्जी असलेल्या रुग्णांत ते टाळतात.

कृती साधी आहे. भूलतज्ज्ञ दंडाच्या किंवा हाताच्या शिरेतून किलोमागे सुमारे ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम द्रव्य जलद टोचतो, अवरक्त कॅमेरा आतड्यावर रोखलेला असतो, आणि साधारणतः अर्ध्या ते एका मिनिटात सुसिंचित आतडे उजळते. उजळलेल्या आणि काळ्या राहिलेल्या भागांमधील सीमा दिसताच छेदाची जागा निश्चित केली जाते. हे परीक्षण तीन अवस्थांत करता येते: छेदापूर्वी, छेदानंतर पण जोडापूर्वी, आणि जोड पूर्ण झाल्यावर. तिसऱ्या अवस्थेत गुदद्वारातून दुर्बीण घालून श्लेष्मल स्तराचेही चित्र घेता येते. आधी सांगितलेल्या बाहेर-आत विरोधावर हा एकच थेट उपाय आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रकाश दिसणे म्हणजे द्रव्य पोहोचणे. पोहोचणे आणि पुरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तंजावर ज्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे, तेथे मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेनुसार १२ जूनला सोडतात आणि कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी ते निरनिराळ्या प्रवाहांत विभागले जाते. शेवटच्या टोकाच्या शेतात पाणी दिसले एवढ्यावरून पीक उभे राहील असे म्हणता येत नाही, ते किती उशिरा आले आणि किती वेगाने चढले हे पाहावे लागते. आतड्याबाबत हेच दोन प्रश्न आहेत. द्रव्य टोचल्यापासून पहिला प्रकाश दिसेपर्यंतचा काळ हा पहिला. प्रकाशाची तीव्रता चढण्याचा वेग हा दुसरा. रक्तन्यून खंडातही शेजारच्या वाहिन्यांतून द्रव्य हळूहळू पसरते. दोन-तीन मिनिटे वाट पाहिली तर तोही उजळतो आणि सुसिंचित भासतो. म्हणून स्थिर छायाचित्रावरून काढलेला निष्कर्ष मूलतः सदोष असतो. प्रतिमेचे प्रमाण वेळेवर अवलंबून आहे. वेळेची नोंद नसलेली प्रतिमा प्रमाण म्हणून ग्राह्य धरू नये.

वेळेच्या दोषाखेरीज आणखी तीन दोष संभवतात. अंतराचा दोष: कॅमेरा जवळ नेला की तोच खंड अधिक उजळ दिसतो, दूर नेला की मंद; म्हणून संशयित खंडाची तुलना त्याच चौकटीतील निःसंशय निरोगी खंडाशी करावी, पडद्यावरील निव्वळ तेजाशी नव्हे. नीलेचा दोष: पीळ किंवा नीलेतील गुठळी असता रक्त आत येते पण बाहेर जात नाही, अशा खंडात द्रव्य येते, साचते आणि तेजही टिकते. येथे उजळण्याच्या काळापेक्षा ओसरण्याचा काळ अधिक बोधक असतो. शेवटचा दोष रुग्णाच्या सर्वांगीण स्थितीचा. रक्तदाब कमी असेल आणि तो वाढवण्यासाठी नॉरॲड्रेनॅलिन चालू असेल, तर संपूर्ण आतडे उशिरा उजळते. तेव्हा दोष जोडाच्या जागेचा नसून रुग्णाच्या अभिसरणाचा असतो आणि छेद बदलून तो सुटत नाही.

रंगद्रव्याविना चालणाऱ्या पद्धतीही आहेत. लेझर स्पेकल पद्धतीत फिरत्या रक्तपेशींमुळे पडद्यावरील कणाकणांचा नमुना धूसर होतो आणि त्या धूसरपणावरून गती काढतात. हायपरस्पेक्ट्रल पद्धतीत अनेक तरंगलांबींतील परावर्तनावरून ऊतीतील हिमोग्लोबिनची प्राणवायु-संपृक्तता काढतात. म्हणजे ती आपल्या तिसऱ्या संज्ञेच्या सर्वांत जवळ जाते. दोहोंची उपयुक्तता अजून मर्यादित केंद्रांपुरती आहे.

प्रमाणांकडे येऊ. २०१५ च्या पिलर-२ या अमेरिकी अभ्यासात १३९ रुग्णांपैकी ८ टक्क्यांत प्रतिमेमुळे योजना बदलली आणि गळती १.४ टक्के आढळली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यानंतर यादृच्छिक विभागणीचे अभ्यास आले. रशियातील फ्लॅग चाचणीत (२०२०, ३७७ रुग्ण) गळती १६.३ वरून ९.१ टक्क्यांवर आली. घट मुख्यतः गुदद्वारापासून ४ ते ८ सेंटिमीटरवरच्या खालच्या जोडांत होती. अमेरिकेतील पिलर-३ चाचणीत (२०२१, ३४७ रुग्ण) गळती प्रतिमेविना ९.६ विरुद्ध प्रतिमेसह ९.० टक्के, म्हणजे फरक नाही. ती नियोजित संख्येआधीच थांबवली गेली. जपानच्या एसेन्शियल चाचणीत (२०२३, सुमारे ८५० रुग्ण) मलाशयाच्या कर्करोगात त्याच क्रमाने ११.८ विरुद्ध ७.६ टक्के. नेदरलंड्सच्या अव्हॉइड चाचणीत (२०२४, ९३१ रुग्ण) ९ विरुद्ध ७ टक्के, हा फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. तसे ते नाहीत. प्रतिमेचा लाभ केवळ निर्णय बदलण्याच्या मार्गाने होऊ शकतो. शंभर रुग्णांपैकी आठांत निर्णय बदलतो असे धरू. प्रतिमा नसती तर त्या आठांपैकी निम्म्यांचे जोड गळले असते असे उदारपणे मानले, तरी गळतीतील कमाल घट शंभरात चार एवढीच संभवते. दहा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर येणारी घट नेहमीच्या सांख्यिकी निकषांनी पकडायची, तर प्रत्येक गटात सुमारे ७०० रुग्ण हवेत. वरीलपैकी एकाही चाचणीत ते नव्हते. शिवाय गळतीची कारणे अनेक आहेत: जोडावरील ताण, स्टेपलरचा दोष, धूम्रपान, स्टेरॉइड, कुपोषण, आतड्यातील जिवाणू. रक्तसिंचनाच्या परीक्षेने या कारणांवर उपाय होत नाही. यावरून एवढेच सिद्ध होते की उजव्या बाजूच्या सामान्य जोडात प्रतिमेचा आग्रह धरण्यास आधार कमी आहे आणि मलाशयाच्या खालच्या जोडात तो पुरेसा आहे.

आकस्मिक शस्त्रक्रियेत स्थिती वेगळी आहे. तेथे तुल्यबळ यादृच्छिक चाचण्या नाहीत आणि होणेही कठीण आहे, कारण मध्यरात्री येणाऱ्या, रक्तदाब खालावलेल्या रुग्णांची विभागणी करणे व्यवहार्य नसते. तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्रिभुज प्रदेशातील जिल्ह्यांतून रुग्ण पाठवले जातात. अशा सरकारी रुग्णालयात हर्निया आणि पीळ यांचे रुग्ण प्रवासात वेळ गमावूनच पोहोचतात. त्यांच्या बाबतीत सिद्ध उपाय एक आहे: निर्विवाद मृत भाग काढणे, संशयित भाग राखणे, आणि २४ ते ४८ तासांनी पोट पुन्हा उघडून पाहणे. प्रतिमा या दुसऱ्या दर्शनाची जागा घेऊ शकत नाही, कारण रक्तन्यूनतेची हानी पहिल्या शस्त्रक्रियेनंतरही पुढे सरकते. किती राखावे याची सीमा मात्र ती अधिक निश्चित करते, आणि जेथे तीस सेंटिमीटर आतड्यावर पुढचे आयुष्य ठरते, तेथे हा लाभ मोठा आहे.

प्रतिमेला प्रमाणाचे स्थान मिळते ते नोंदीमुळे. याचे एक जुने उदाहरण तंजावरातच आहे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजी दुसऱ्याने धन्वंतरी महाल ही चिकित्सा आणि औषधनिर्मितीची संस्था चालवली. तेथे उपचार घेतलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन आहेत. त्यांत रुग्णाच्या डोळ्यांची रंगीत चित्रे, रोगाचे वर्णन आणि केलेला उपचार एकत्र आहे. चित्र, लक्षण आणि उपचार ही तिन्ही एका कागदावर असली, तरच दुसरा वैद्य पहिल्याचा निर्णय तपासू शकतो. राज्यकारभार १७९९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलेल्या या राजाने ही शिस्त दोन शतकांपूर्वी पाळली. आजच्या पुष्कळ शस्त्रक्रियागारांत पडद्यावर हिरव्या दिसणाऱ्या प्रकाशाची चित्रफीत घेतली जाते, पण तिच्यासोबत मात्रा लिहिलेली नसते, टोचण्याची वेळ नसते, रक्तदाब नसतो. अशी चित्रफीत परिषदेत दाखवता येते. तिच्यावरून पुढच्या रुग्णाबद्दल काही ठरवता येत नाही.

म्हणून नोंदीचे किमान घटक येथे सांगणे उचित ठरेल: किलोमागे मात्रा, टोचण्याचा क्षण, त्या वेळचा सरासरी रक्तदाब आणि चालू असलेली रक्तदाबवर्धक औषधे, कॅमेऱ्याचे अंतर, निरोगी खंडात आणि जोडाच्या जागी पहिला प्रकाश दिसण्याचा काळ, सेकंदांत, प्रतिमेपूर्वी ठरवलेली छेदाची जागा आणि प्रतिमेनंतरची, आणि तीस दिवसांनी जोडाची अवस्था. यांपैकी प्रतिमेपूर्वीचा निर्णय आधी लिहून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे, कारण त्याशिवाय प्रतिमेने काय बदलले हे कधीच कळणार नाही. कॅमेरा नसलेल्या रुग्णालयातही रंग, स्पंदन, आकुंचन आणि कोमट मॉपखाली थांबलेली मिनिटे याच रीतीने लिहिता येतात. जिल्हा आणि महाविद्यालयीन रुग्णालयांच्या शल्यविभागांनी अशी नोंदवही यंत्र येण्याची वाट न पाहता सुरू करावी.